जुईचा ऑटिझम आणि फ्रिजवरचा कागद

"ऑटिझम," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

जुई तेव्हा वजनकाट्याशेजारी उकिडवी बसली होती. काट्याची कड बोटानं चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची, मग परत यायची. तीन वर्षं दहा महिन्यांची होती. खोलीत तिच्याचबद्दल बोलणं चाललं होतं, पण तिनं एकदाही मान वर केली नाही. मी मात्र त्या टोपणाकडे पाहत राहिले. टोपण लावलं म्हणजे लिहायचं संपलं, आता यात बदल होणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं.

पूर्ण नाव ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते, आणि त्यामुळे बोलणं, नजरेला नजर देणं, माणसांत मिसळणं, आवाज आणि स्पर्श सोसणं या सगळ्यात फरक पडतो. स्पेक्ट्रम म्हणजे लांबलचक पट्टा. त्यावर कुठे शब्दही न बोलणारं मूल असतं, कुठे नोकरी-संसार करणारा माणूस असतो. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. आमची जुई स्वतःत कधीच मग्न नसते, ती पंख्यात, पाण्यात आणि कपाच्या कानात मग्न असते.

हे मी लिहितेय ते तुमच्यापैकी कोणीतरी उद्या अशाच खुर्चीत बसणार आहे म्हणून. आणि मी जी चूक केली ती तुम्ही करू नये म्हणून. चूक साधी नव्हती आणि ती मी शिक्षिका असून केली.

आम्ही जबलपूरला गढा भागात राहतो, पहिल्या मजल्यावर. खाली किराण्याचं दुकान, बाजूनं अंधारा जिना, एकोणीस पायऱ्या, मध्ये एक वळण. घरात माझे यजमान प्रमोद, सासूबाई, मी आणि जुई. प्रमोद वीज खात्यात आहेत. मी प्राथमिक शाळेत शिकवते, तेव्हा अठरा वर्षं झाली होती. जुई मला अडतिसाव्या वर्षी झाली.

सासूबाई वरुडकडच्या. लग्न होऊन आल्या त्याला पन्नास वर्षं व्हायला आली, तरी त्यांची हिंदी बाजारापुरती. भाजीवाल्याशी भांडायची हिंदी त्यांना येत होती, लाड करायची येत नव्हती. लाड मराठीत. आणि बोलणं तर असं की हातात जे असेल त्याचं वर्णन चालू. "आता कणिक मळली. आता झाकून ठेवली. आता माझी जुई अन् मी खाली जाऊन राहिलो." जुई त्यांच्या मांडीवर बसून तळहात त्यांच्या गळ्यावर ठेवायची. आवाज जिथून येतो तिथेच हात. सासूबाई हसायच्या आणि जास्तच बोलायच्या.

रोज संध्याकाळी त्या तिला खाली फिरायला न्यायच्या. जिन्याच्या तोंडाशी आल्या की म्हणायच्या, "हळू बाई, पायरी आहे." मग वळणावर पुन्हा तेच, शेवटच्या पायरीवर पुन्हा तेच. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि त्यावरून ओळखायची की ह्या कुठवर पोचल्या.

जुई दीड वर्षाची झाली तरी हाक मारल्यावर वळत नव्हती. आम्ही म्हटलं, तंद्रीत असते. वाट्या एका ओळीत मांडायची आणि एक वाटी हलली तर आकांत करायची. आम्ही म्हटलं, टापटिपीची आवड आहे, आईवर गेली. दोन वर्षांची झाली, शब्द नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, "बिटिया है, सीधी है, शांत है, अच्छा ही तो है." मुलगा असता तर कदाचित आम्ही आधी धावलो असतो. मुलगी गप्प असली की लोक कौतुक करतात, आणि मीही ते कौतुक घेतलं.

अडीच वर्षांची झाली तेव्हा माझ्या शाळेतल्या एका बाईंनी निदान केलं. म्हणाल्या, घरात मराठी, बाहेर हिंदी, पोरगी गोंधळली आहे. मला ते एकदम पटलं. पटायचं कारण असं की हा सल्ला मी स्वतः कितीतरी पालकांना दिला होता. घरी बुंदेली बोलणाऱ्या आयांना समोर बसवून मी सांगायची, "घर में बच्चे से ठीक हिंदी में बात करो, तभी बोलेगा." त्या पदराचं टोक धरून मान हलवायच्या. आज ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

त्याच दिवशी मी जाड स्केचपेननं कागदावर लिहिलं, "घर में सिर्फ़ हिंदी", आणि तो फ्रिजवर चिकटवला. मास्तरीण ती घरातही मास्तरीणच.

प्रमोद म्हणाले, "अगं, आईला नाही जमणार हे."

"काहून नाही जमणार? अर्धं आयुष्य गेलं न इथे?" मी म्हटलं. "पोरीसाठी एवढं तर करतील."

सासूबाई तिथेच पोळ्या लाटत होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." त्या घरात त्यांनी उच्चारलेला तो बऱ्याच दिवसांतला शेवटचा मराठी शब्द असेल.

त्यांनी नियम पाळला. माझ्यापेक्षा नीट पाळला. पण हिंदीत त्यांना जुईशी बोलताच येईना. "क्या चाहिए, बेटा" म्हणायच्या आणि थांबायच्या. पुढचं वाक्य यायचंच नाही. जुई त्यांच्या गळ्यावर हात ठेवायची, थोडा वेळ वाट पाहायची, मग दाबायची, मग हात काढून घ्यायची. हळूहळू तिनं हात ठेवणं सोडलं. जिन्यावरही आता आवाज नव्हता. पायरी आली की सासूबाई नुसता तिचा हात दाबायच्या. ह्या कुठवर पोचल्या ते मला स्वयंपाकघरात कळेनासं झालं. तेव्हा वाटलं, घर किती शिस्तीत चाललंय.

असे सोळा महिने गेले.

मधल्या काळात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बेरा टेस्ट करायला सांगितली. बेरा म्हणजे मूल झोपलेलं असताना डोक्याला वायरी लावून कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात. मूल झोपलंच पाहिजे, म्हणून झोपेचं औषध देतात. आम्ही सकाळी दहाला गेलो. औषध पाजलं. जुई झोपायच्या ऐवजी कॉरिडॉरमधल्या फरश्यांच्या रेघांवरून चालायला लागली. अकरा वाजले, बारा वाजले. तंत्रज्ञ दोनदा येऊन पाहून गेला. दुसरा डोस द्यायचा की उद्या बोलवायचं यावर त्याचं नर्सशी बोलणं चाललं.

शेवटी सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि गुणगुणायला लागल्या. चाल त्यांच्या माहेरच्या जात्यावरच्या गाण्याची होती, पण शब्द नव्हते. तोंड मिटून नुसती चाल. कारण गाण्याचे शब्द मराठी होते आणि मी समोर बसले होते. माझ्या ते लक्षात आलं. आणि मला बरं वाटलं, की बाहेरही नियम पाळतायत. हे मला लिहायला जड जातंय, पण खरं तेच आहे.

जुई दहा मिनिटांत झोपली. रिपोर्ट नॉर्मल आला. दोन्ही कान उत्तम. मी देवापुढे साखर ठेवली, प्रमोदनी घरी पेढे आणले. कान चांगले आहेत म्हणजे प्रश्न दुसरीकडेच आहे, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे चिठ्ठी मिळाली, म्हणजे मुलांच्या वाढीच्या टप्प्यांत काही अडत असेल तर ते पाहणाऱ्या डॉक्टर. दीड महिन्यानंतरची वेळ मिळाली. त्यांच्या वेटिंग रूममध्ये पहिल्या दिवशी आम्ही तीन तास बसलो. एक मुलगा दार उघडत होता आणि लावत होता. एका मुलीच्या कानावर मोठे हेडफोन होते आणि त्यातून गाणं येत नव्हतं, ते नुसते आवाज थांबवायला होते. सिहोऱ्याहून पहाटेच्या बसनं आलेले एक गृहस्थ मुलाच्या बुटाची लेस पुन्हापुन्हा बांधत होते, मुलगा पुन्हापुन्हा सोडत होता. कोणी कोणाच्या मुलाकडे टक लावून पाहत नव्हतं. असं बाहेर कुठे होत नाही.

ते गृहस्थ म्हणाले, "पहले तो ये सब सुनने में नहीं आता था." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

डॉक्टर बाईंनी आमच्यासाठी जवळजवळ तास दिला. बरंचसं हिंदीत झालं, मी मराठीत सांगते. जुईसमोर खेळणी ठेवली, फुगे सोडले, तिला नावानं हाका मारल्या, आणि आम्हाला प्रश्न विचारले. बोटानं दाखवते का? तुम्हाला काही आणून दाखवते का? खोटं खोटं खाऊ भरवते का? प्रत्येकाला आम्ही नाही म्हणत गेलो. पाचव्या-सहाव्या नाहीनंतर प्रमोद खिडकीबाहेर पाहायला लागले. मग आणखी एका भेटीत तोलूनमापून त्यांनी तो शब्द उच्चारला आणि टोपण लावलं.

मी रडले नाही. मी वाद घातला.

"मॅडम, मी अठरा वर्षं शिकवतेय," मी म्हटलं. "वर्गात असं एकही मूल आलं नाही. आमच्या लहानपणी तर नावही नव्हतं. आणि आता बाहेर तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही. अचानक एवढी मुलं कुठून आली?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आए होंगे ऐसे बच्चे आपकी क्लास में. आपने नाम कुछ और दिया होगा."

मग त्यांनी समजावलं. शंभराच्या आसपास मुलांमागे एखादं मूल असं असतं असं साधारण धरतात. कुठे आकडा जास्त येतो, कुठे कमी, कारण जिथे नीट शोधतात तिथे जास्त सापडतात. पूर्वी अगदी न बोलणाऱ्या, स्वतःला चावणाऱ्या मुलांनाच हे नाव मिळायचं. आता व्याख्या रुंद झाली आहे, त्यामुळे बोलणारी, हुशार पण वेगळी मुलंही त्यात येतात. पूर्वी ज्यांना सरसकट मतिमंद लिहायचे त्यातली बरीच हीच होती. मुली तर निसटूनच जायच्या, कारण गप्प मुलीची तक्रार कोण करतं? डॉक्टरांना आता शिकवलं जातं, पालक मोबाइलवर वाचून येतात, कायद्यात ऑटिझमची वेगळी नोंद आहे म्हणून प्रमाणपत्रासाठीही लोक तपासायला आणतात.

"तर मग वाढलेलं काहीच नाही?" प्रमोदनी विचारलं.

त्या म्हणाल्या की मोठा भाग ओळखण्याचा आहे. थोडी खरी वाढही असू शकते. फार लवकर जन्मलेली बाळं आता वाचतात, आईवडिलांचं वय वाढलं आहे. पण त्यातलं नेमकं किती कशामुळे, हे ठामपणे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. लसीमुळे होत नाही, हे पुष्कळदा तपासून झालंय. मोबाइलनं होत नाही. आईनं नोकरी केली म्हणून होत नाही.

वयाचं ऐकून मी खाली पाहिलं. त्यांनी ते पाहिलं असावं. म्हणाल्या, "ये हिसाब मत लगाइए. इसका जवाब किसी एक माँ के पास नहीं होता."

तेवढ्यात मला कुसुम आठवली.

जबलपूरजवळच्या पाटणकडून आलेलं कुटुंब, वडील गढ्यात बांधकामावर. कुसुम दुसरीत माझ्या वर्गात होती. खडूचे तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवायची. घंटा झाली की कान झाकून बाकाखाली जायची. बोलायची नाही. मी तिच्या प्रगतिपत्रकात लिहिलं होतं, "ध्यान नहीं देती, ज़िद्दी है." तिच्या आईला बोलावून मी तोच सल्ला दिला होता, देहाती बोलू नका, हिंदी बोला. दिवाळीनंतर कुसुम आली नाही. मी हजेरीपटातलं तिचं नाव लाल रेघेनं कापलं. आणि आज मी या डॉक्टरांना सांगत होते की माझ्या वर्गात असं एकही मूल आलं नाही.

(नंतर मी तिच्या जुन्या पत्त्यावर गेले. तिथे दुसरं कुटुंब राहतं. कोणाला काही माहीत नाही.)

डॉक्टरांनी मग विचारलं की जुई घरात सगळ्यात जास्त कोणाजवळ जाते. मी म्हटलं, आजीजवळ. आजी तिच्याशी काय बोलते? तेव्हा मी जरा अभिमानानंच सांगितलं, की आम्ही सोळा महिन्यांपासून घरातली मराठी बंद केली आहे, आजीही पाळते.

लिहायला पुन्हा उघडलेलं पेन त्यांनी खाली ठेवलं. "किसने कहा था बंद करने को?"

"मीच," मी म्हटलं.

"दोन भाषांनी ऑटिझम होत नाही," त्या म्हणाल्या. "दोन भाषांनी बोलणं थांबतही नाही. उलट अशा मुलाला एक माणूस मनापासून, सहज, दिवसभर बोलणारं लागतं. ते तुमच्या घरात होतं."

सासूबाई बाहेर बाकावर जुईच्या पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला पाहून उठल्या. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, बाटलीचं झाकण उघडून दिलं.

घरी आल्यावर मी आधी कागद फाडला. फ्रिजवर डिंकाचे चार डाग राहिले, ते अजून आहेत. मग त्यांच्यापुढे जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हणजे माझ्या बोलण्यानं नव्हतं झालं?" त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

"मला वाटून राहिलं होतं, माझ्याच बडबडीनं पोरीची जीभ अडली."

सोळा महिने ही बाई हे मनात घेऊन आमच्या पोळ्या लाटत होती. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मी त्यांच्या पायाशी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तूही तिच्यासाठीच केलं न." एवढ्यावर त्यांनी मला सोडून दिलं. मी स्वतःला अजून सोडलेलं नाही.

मला वाटलं, झालं, आता उद्यापासून घरात पुन्हा बडबड सुरू होईल. तसं झालं नाही. "बोला न आई आता," मी म्हणायची. त्या "हो हो" म्हणायच्या, दोन शब्द बोलायच्या, अर्धे हिंदी. एकदा म्हणाल्या, "सवय मोडली. अन् पुन्हा काही झालं तर? डॉक्टर लोक आज एक म्हणतात, उद्या एक." मी जो कागद लावला होता तो आता त्यांच्या आत होता. तो मला फाडता येत नव्हता.

जुईची थेरपी सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस. स्पीच थेरपी म्हणजे फक्त बोलायला शिकवणं नव्हे, आपलं म्हणणं कसंही करून दुसऱ्यापर्यंत पोचवायला शिकवणं. तिला चित्रांची कार्डं दिली. पाणी हवं तर पाण्याचं कार्ड हातात द्यायचं. ऑक्युपेशनल थेरपीत झोपाळा, चेंडू, वाळू, वेगवेगळे स्पर्श, ज्यानं तिचं अंग शांत राहील आणि बटण लावणं, दात घासणं अशी रोजची कामं जमतील. महिनाभर तिनं कार्डं नुसती ओळीत मांडली. सातव्या आठवड्यात तिनं पाण्याचं कार्ड उचलून प्रमोदच्या हातात दिलं. प्रमोद पेला आणायला गेले आणि स्वयंपाकघरातच उभे राहिले, बराच वेळ बाहेर आले नाहीत.

एक सांगते, थेरपी हे रोजचं काम आहे. कोणी तीन महिन्यांत बरं करतो म्हणाला तर उठून या. आम्हाला असे दोघं भेटले. आमच्या डॉक्टर मात्र दर वेळी हेच सांगायच्या, की ती शिकेल, पण बोलेल की नाही याचं वचन मी देत नाही. मला सुरुवातीला त्यांचा राग यायचा. नंतर कळलं की आमच्याशी खरं बोलणाऱ्या तेवढ्याच होत्या.

एकदा जेवताना सासूबाई आपणहून म्हणाल्या, "आपले पाटणचे बापू असेच होते न रे, प्रमोद?" बापू म्हणजे प्रमोदचे चुलत आजोबा. बाराच्या ठोक्याला ताट समोर नाही आलं तर उठून जायचे आणि दिवसभर जेवायचे नाहीत. कोणाच्या लग्नाला गेले नाहीत. पण गावातल्या प्रत्येक बैलाचं वय त्यांना पाठ. "कोणी डॉक्टरला नाही दाखवलं. बापू तसेच आहेत म्हणायचो अन् ताट वेळेवर ठेवायचो," सासूबाई म्हणाल्या. प्रमोद हातातला घास धरून त्यांच्याकडे पाहत राहिले. डॉक्टरांनी मला तासभर जे समजावलं होतं, ते या बाईला आधीच माहीत होतं.

शाळेत माझं वागणं बदललं. गप्प बसणाऱ्या मुलांची मी आता वेगळी वही ठेवते. यंदा दोन मुलांच्या पालकांना तपासून घ्या म्हणून सांगितलं. एकाचे वडील माझ्यावर ओरडून गेले. दुसऱ्याची आई महिन्यानं आली आणि चिठ्ठी दाखवली, त्यात तोच शब्द होता. उद्या कोणी म्हणेल की गढ्यात ऑटिझम वाढला. वाढलं ते एवढंच, की एका मास्तरणीनं लक्ष द्यायला सुरुवात केली.

आणि घरच्या बोलीवरून मी आता कोणत्याही पालकांना टोकत नाही.

निदानाला दहा महिने झाले तेव्हा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. साधं ऑपरेशन, सकाळी नेलं, दुपारी सोडलं. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. दुसऱ्या डोळ्यानंही त्यांना बेताचंच दिसत होतं. प्रमोद रिक्षावाल्याला हिशेब देत होते. माझ्या एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्यात त्यांच्या चपला. जुई दुकानाच्या ओट्यावर शेजारणीजवळ बसून आमची वाट पाहत होती, म्हणजे निदान मला तसं वाटलं.

ती उठली आणि येऊन आजीच्या बाजूला उभी राहिली. चष्म्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. मग सासूबाईंचा हात धरला, जसा रोज धरायची. सासूबाई अंदाजानं जिन्याकडे वळल्या आणि पाय उचलायला लागल्या.

"हळू बाई, पायरी आहे."

आवाज जरा सपाट होता, पण शब्द लख्ख. मला आधी वाटलं सासूबाईच बोलल्या. मग पाहिलं तर त्या जागच्या जागी थांबल्या होत्या, एक पाय उचललेला.

अशा मुलांमध्ये एकोलालिया असतं. म्हणजे ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणणं, कधी लगेच, कधी फार काळानंतर. डॉक्टरांनी ते मला आधी सांगितलं होतं, नंतरही सांगितलं. पण ते वाक्य आमच्या जिन्यावर दोन वर्षांहून जास्त काळ कोणी उच्चारलं नव्हतं. पोरीनं ते ठेवलं होतं. आणि काढलं तेव्हा बरोबर जिथं लागतं तिथं, ज्या माणसाचं होतं त्याच माणसासाठी काढलं.

सासूबाई म्हणाल्या, "हो गं माझी बाई. पायरी आहे." आणि पाय टेकवला.

पुढच्या पायरीवर त्या म्हणाल्या, "ही दुसरी." मग म्हणाल्या, आता वळण येईल, भिंतीला हात लावू, आजीचा डोळा दुखून नाही राहिला, डॉक्टरनं चांगला साफ केला, आता आजीला जुई चांगली दिसेल. अर्धवट हिंदी नाही, अडखळणं नाही. जुई त्यानंतर काही बोलली नाही. वळणावर मात्र दोघी थांबल्या, आणि मला खालून दिसलं की तिनं हात उंच करून आजीच्या गळ्यावर ठेवला होता.

जुई आता पाच वर्षांची आहे. तिची आठ-दहा वाक्यं झाली आहेत, बहुतेक आजीची, दोन थेरपीच्या मॅडमची हिंदी. माझं अजून एकही नाही. येईल तेव्हा येईल. डॉक्टरांचे, थेरपीच्या मॅडमचे, सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत, पण ज्यांचे सगळ्यात जास्त आहेत त्यांना मी तोंडावर ते अजून नीट सांगू शकलेली नाही, म्हणून इथे लिहितेय.

त्या दिवशी मी खालच्या पायरीवरच उभी राहिले, पिशवी आणि चपला घेऊन. प्रमोद मागून आले आणि म्हणाले, "काय झालं? चल न वर." मी त्यांना हातानं थांबवलं. वर सासूबाईंचा आवाज चालला होता, दार उघडलं, आता पाणी प्यायचं, आता जुईनं आजीजवळ बसायचं. ह्या कुठवर पोचल्या ते मला खालून कळत होतं.